सोमवारच्या आत एक उंचवटा

जिल्हा होणं म्हणजे गावानं वयात येणं. हे वाक्य त्या दिवसांत लातुरात इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं की शेवटी ते मला माझंच वाटायला लागलं. वयात आलेल्या गावाला जबाबदारीची जाणीव होते, ते आपलं भवितव्य आपल्या हातांनी घडवतं, वगैरे. आमचं भवितव्य घडत होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, तेही गढूळ आणि सखल भागातल्यांना. जिल्ह्याचा आणि दुष्काळाचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दोघांनीही येताना वाहनं आणली. जिल्ह्याबरोबर जिपा आणि लाल दिव्याच्या गाड्या आल्या, दुष्काळाबरोबर टँकर आले. रस्ता मात्र जुनाच राहिला. त्याच्या कडेला जी दोन हात माती उरली होती, ती आम्हा सायकलवाल्यांची.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो आणि माझी बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला सगळं गाव शिष्टर म्हणायचं आणि मला शिष्टरचे मालक. आमचं घर बार्शी रस्त्याला, जुन्या जकात नाक्याच्या पलीकडे, नव्या प्लॉटांमध्ये होतं. तिथून गावाकडे येताना नाक्यापर्यंत सरळ उतार लागायचा. टँकर भरायच्या विहिरीही त्याच बाजूला, आणखी बाहेर. भरलेला टँकर उतारावर आला की ड्रायव्हर गाडी मोकळी सोडून द्यायचा. त्याला खेपा मोजून पैसे मिळायचे, आणि उतारावर ब्रेक लावणं म्हणजे खेप गमावणं असा त्यांचा हिशेब होता.

याच उतारावरून पाणी आणणाऱ्या सायकली यायच्या. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे, आकड्यांत दोन पत्र्याचे डबे, वर आडवा एक कॅन, हँडलला दोन घागरी. घागरी लटकवल्या की ब्रेकची दांडी दाबली जात नाही, म्हणून पुष्कळांनी पुढचा ब्रेक काढूनच टाकला होता. मागचा झिजून गेलेला. मग सायकल थांबवायची कशी, तर पाय खाली सोडून चपलेनं. त्या उन्हाळ्यात गावात चपलांचे डावे अंगठे उजव्यांच्या आधी तुटत होते.

शिष्टर पडली ती या उतारावर. टँकर तिला लागला नाही, टँकरची हवा लागली. ती रस्त्याच्या कडेला खडीवर पडली आणि डावं मनगट मोडलं. ड्रायव्हर थांबला नाही, त्याला कळलंही नसावं. ती उठली, सायकल उचलली, एका हातानं ढकलत दवाखान्यात गेली. ड्यूटीवर वेळेत पोहोचली, फक्त पेशंट म्हणून.

प्लास्टर दीड महिन्याचं होतं. ते एका शुक्रवारी निघणार होतं आणि त्यानंतरच्या सोमवारी, सकाळी सातच्या ड्यूटीला, तिला हजर व्हायचं होतं. रिक्षा तेव्हा मोजक्या होत्या आणि त्या वेळी एकही रस्त्यावर नसायची. चालत जायचं तर अंधारात निघावं लागणार. मी तिला सायकलवर डबलसीट नेतो म्हणालो. ती म्हणाली, तुमच्या मागं बसण्यापेक्षा टँकरपुढं बरी.

नांदेडहून तिचे मोठे भाऊ बघायला आले. चहा संपेपर्यंत ते दुष्काळावर बोलले आणि मग मुद्द्यावर आले. "कशाला जिवावर उदार होऊन राहिलीस? बदली माग. हिमायतनगरला जागा हाय. तिथं अशी पळापळ न्हाई."

"अन् हे?" तिनं माझ्याकडे बोट केलं, दारातून बाहेर निघणार नाही अशा कपाटाकडे करावं तसं.

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रिकामी कपबशी खाली ठेवली. माझं कॉलेज लातुरात, तिची बदली हिमायतनगरला, म्हणजे दोन चुली आणि शनिवारची एसटी. ती उमरीची. तिच्या वडलांनी तिला शाळेत असताना सायकल शिकवली म्हणून उमरीत दोन वर्षं चर्चा चालली होती, त्यामुळे सायकलवरून उतरायला सांगणाऱ्यांची तिला सवय होती. भाऊ गेल्यावर ती मला शांतपणे म्हणाली, "सोमवारपासून सायकलनंच जाते. परत पडले तर बदलीचा अर्ज करते."

परत पडले तर. हे ती 'परत भाजी उरली तर' अशा सुरात म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण टँकरपुढं पडलेल्या सगळ्यांनाच अर्ज करता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिला तर माझ्यापेक्षा जास्त. तिच्या वॉर्डात असे लोक आणले जायचे.

नाक्याच्या भिंतीला टेकून एका मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला सगळे चाचा म्हणायचे. शिष्टर पडली तेव्हा तिला उठवायला पहिला तोच धावला होता. मी त्याच्याकडे गेलो ते डोक्यात निवेदनाचा मसुदा घेऊन. त्यानं तो ऐकून घेतला, हातातला पाना पुसला आणि म्हणाला, "सर, कागद नंतर लिव्हा. आधी या लोकांना ब्रेक द्या."

अशी रविवारची दुरुस्ती सुरू झाली. चाचा जुन्या टायरचं रबर कापून ब्रेकचे तुकडे करायचा. नियम त्यानंच घातला: ज्याचा ब्रेक लागला त्यानं पुढच्याचा लावून द्यायचा, मगच घरी जायचं. त्यामुळे पहिल्या रविवारी चाचाला चारच सायकली कराव्या लागल्या, बाकीच्या आपोआप झाल्या. घागरी हँडलवरून काढून पुढच्या चाकाशेजारी खाली टांगता येतील असे आकडेही त्यानं वाकवून दिले. पाणीवाले आले, दूधवाले आले, रस्त्याच्या कामावरचे मजूर आले. मी पाने देण्याचं काम करायचो. तेराचा पाना मागितला की बाराचा द्यायचो. तिसऱ्या सायकलीनंतर लोक माझ्याकडे मागायचे थांबले.

सायकलवाल्यांची समिती झाली ती अप्पांमुळे. अप्पा सिमेंट-लोखंडाचे व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, आणि त्या धोतरासकट रोज सायकलवर दुकानात. शंकराच्या खालोखाल त्यांची श्रद्धा उद्घाटनांवर होती. समितीचं नाव त्यांनी इतकं लांब ठेवलं की ते रबरी शिक्क्यावर मावलं नाही, शेवटचे दोन शब्द वगळावे लागले आणि ते नेमके 'सुरक्षा समिती' हेच होते. अध्यक्ष अप्पा, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या. चिटणीस मी, कारण मला अर्ज लिहिता यायचे. चाचाला आम्ही सल्लागार केलं. त्यानं विचारलं, यात काय करायचं असतं. अप्पा म्हणाले, काही नाही. तो म्हणाला, मग ठीक आहे.

सल्ला मात्र त्यानंच दिला. आपल्याला ब्रेक लागला, टँकरला कोण लावणार? उतार जिथं संपतो तिथं, नाक्याच्या अलीकडे, रस्त्यावर एक आडवा उंचवटा पाहिजे. मग ड्रायव्हरला वरपासूनच हात आवरावा लागेल.

अर्ज घेऊन मी रस्त्यांच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांपुढे बसायला खुर्ची नव्हती, कारण नव्या जिल्ह्याच्या खुर्च्या अजून जुन्या जिल्ह्यातून यायच्या होत्या. साहेब भला माणूस होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला आणि सांगितलं की या रस्त्याची फाईलही खुर्च्यांबरोबर यायची आहे. फाईल येईपर्यंत तो त्या रस्त्यावर खडा टाकू शकत नाही आणि खडा उचलूही शकत नाही.

"आणि आम्हीच काही केलं तर?"

"मला तो रस्ता अजून दिसतच नाही, सर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "डांबर मिळणार नाही. काँक्रीट करा. पण दहा दिवस पाणी मारावं लागेल, नाहीतर पहिल्याच टँकरला भुगा होईल." हे बोलताना तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर त्याचा शिपाई सायकलवरून साहेबांच्या घरचं पाणी घेऊन येत होता.

प्लास्टर निघायला तेव्हा तीन आठवडे होते. सिमेंट अप्पांनी दिलं. वाळूची अडचण नव्हती, नदीत वाळूखेरीज काही उरलंच नव्हतं. खडी रस्त्याच्या कडेला पडलेली होती, ती कुणाची हे फाईल आल्यावर कळणार होतं. रस्ता बंद करता येणार नव्हता म्हणून आधी डावी बाजू ओतायची, ती पक्की झाली की उजवी, असं ठरलं. ओल्या काँक्रीटवर बाभळीच्या फांद्या आणि गोणपाट टाकलं. आणि मग प्रश्न आला पाण्याचा.

हा प्रश्न सोडवला पाणीवाल्यांनी, आणि कुणीही बैठक न घेता. सकाळी विहिरीवरून परतताना प्रत्येक जण नाक्यावर पाय टेकवायचा, डब्यातून एक तांब्या काढायचा आणि गोणपाटावर ओतून पुढे जायचा. एकच तांब्या, कमी नाही, जास्त नाही. कुणी न ओतता निघाला तर मागचा घंटी वाजवायचा. दोन कोस ढकलत आणलेलं पाणी रस्त्यावर ओततात हे दृश्य मला रोज बघवत नव्हतं, पण मी रोज बघायला जायचो.

गावानं आम्हाला सोडलं नाही. "माणसाला प्यायला न्हाई अन् हे रस्त्याला पाजायलेत," असं एक म्हातारी रोज जाता-येता म्हणायची. बायका डबे घेऊन वाट बघतात आणि मास्तर रस्त्याला आंघोळ घालतोय, हे कॉलेजातही पोहोचलं. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, की हे साहित्यविषयक काही आहे का. मी म्हणालो, नाही. त्यांना बरं वाटलं.

डावी बाजू झाली. तिच्यावरून पहिला टँकर गेला तेव्हा आम्ही पाच-सहा जण कडेला उभे होतो. टँकर उडाला, ड्रायव्हर उडाला, उंचवटा तसाच राहिला. पण ड्रायव्हर शहाणे होते. ते वळसा घालून उजव्या, मोकळ्या बाजूनं जायला लागले, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. आता उजवी बाजू लवकर करणं भाग होतं. ती आम्ही बुधवारी ओतली. पाच दिवसांनी सोमवार होता.

शुक्रवारी प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालं होतं, कोवळ्या दोडक्यासारखं. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली, तिनं वळली, पण पूर्ण वळली नाही. तिथून ती थेट चाचाकडे गेली आणि म्हणाली, डाव्या हाताला जोर नाही. चाचानं तिच्या सायकलचा ब्रेक काढला, तारेला तेल घातलं, आणि दोन बोटांनी दाबला तरी लागेल इतका हलका करून दिला. तिनं दोन बोटांनी दाबून बघितला, चार वेळा. मी बाजूला उभा होतो. चौथ्या वेळी तिच्या ओठांवरून मला कळलं की दुखतंय.

त्याच संध्याकाळी बातमी आली की मंगळवारी मंत्री येणार. दुष्काळाची पाहणी आणि नव्या इमारतीची पायाभरणी, दोन्ही एकाच फेरीत. येणार बार्शीकडून, म्हणजे आमच्या उतारावरून. शनिवारी सकाळी दहा मजूर घण घेऊन नाक्यावर हजर झाले. रस्त्याची फाईल आली नव्हती, पण साहेबांना रस्ता दिसायला लागला होता.

मुकादम उंच, काळा, डोक्याला उपरणं. त्यानं सांगितलं की मंत्रीसाहेबांच्या कंबरेचं दुखणं आहे, गाडीला धक्का बसता कामा नये, रस्त्यावरचं हे काढायचा हुकूम आहे. अप्पा पुढे झाले आणि लोकशाहीवर बोलू लागले. मुकादमानं ते उपरण्याच्या टोकानं घाम पुसत ऐकून घेतलं. पाणीवाले एकेक करून थांबत होते, सायकली आडव्या लावत होते. पंधरा-वीस सायकली झाल्या, भरलेले डबे लटकलेले. एका मजुरानं घण उचलला आणि परत खाली ठेवला. मला आठवतं, माझ्या मनात त्या क्षणी लोकशाही नव्हती. बुधवारी ओतलेलं काँक्रीट शनिवारी एका घणात जाईल, आणि सोमवार परवावर आला आहे, एवढंच होतं.

मग चाचा दुकानातून उठून आला. त्यानं मजुरांकडे बघितलं, त्यांच्या भिंतीला टेकवलेल्या सायकलींकडे बघितलं. त्यातल्या निम्म्या सायकलींना त्याच्या दारात ब्रेक लागले होते, आणि लावणारे हेच हात होते. तो मुकादमाला म्हणाला, "तोडा भाऊ. हुकूम हाय तर तोडा. पण संध्याकाळी याच उतारावरनं घरी जायचंय ना तुम्हाला?"

मुकादमानं थुंकून बाजूच्या मुरमाच्या ढिगाकडे मान वळवली. "साहेबाला सपाट पायजे. तोडायचं कशाला, बुजवू की. बुधवारी उकरून घ्या तुमचं तुम्ही."

दोन्ही बाजूंनी लांबवर मुरूम पसरला, उंचवटा त्याच्या पोटात गेला. चार तासांत रस्ता असा झाला की जणू तिथं कधी काही नव्हतंच. अप्पांनी मुकादमाला चहा पाजला. आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले. मी आनंदात घरी आलो आणि सगळी हकीकत सांगितली. शिष्टर तांदूळ निवडत होती, डाव्या हातानं, सवय व्हावी म्हणून.

"म्हणजे सोमवारी तो नसणार," ती म्हणाली.

मी तिथंच बसलो. आम्ही उंचवटा वाचवला होता आणि ज्या सकाळसाठी तो केला होता ती उघडी टाकली होती. शिवाय रविवारी नवीन भर पडली. मुरमाची धूळ मंत्र्यांच्या गाडीवर उडू नये म्हणून एक टँकर उतारावर पाणी शिंपडू लागला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ज्या पाण्यासाठी लोक दोन कोस जात होते ते तिन्ही त्रिकाळ रस्त्यावर पडत होतं. ती म्हातारी हातातली घागर खाली ठेवून ते बघत उभी राहिली. संध्याकाळपर्यंत उताराच्या पायथ्याशी घोटाभर चिखल झाला होता, तांबडा, लोण्यासारखा.

मी शिष्टरला म्हणालो, दोन दिवस रजा वाढव. ती म्हणाली, दीड महिना घेतली. मग मी म्हणालो, मी मागून येतो. ती म्हणाली, "मागं कुणी असलं की मागं बघावं लागतं. तुम्ही येऊ नका."

म्हणून मी पुढे गेलो. सोमवारी सहा वाजताच नाक्यावर जाऊन उभा राहिलो. चाचा होता, अप्पा होते, धोतर वर खोचून. साडेसहाला उताराच्या माथ्यावर पाणीवाल्यांच्या सायकली दिसल्या. रोज ते एकामागे एक यायचे, कडेच्या मातीतून. आज तसे येत नव्हते. तिघे-तिघे शेजारी, सगळा रस्ता भरून, भरलेल्या डब्यांसकट चालत्या माणसाच्या गतीनं ते खाली येत होते. मी चाचाकडे बघितलं. तो म्हणाला, मी फक्त वेळ सांगितली होती.

त्यांच्या पुढे पन्नास पावलांवर पांढऱ्या साडीतली शिष्टर होती. आणि त्यांच्या मागे माथ्यावर टँकर आला.

हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. टँकर भरलेला होता, उतार लागलेला होता. त्याचे ब्रेक कुणी तपासले होते हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यानं नाही आवरलं तर आधी शेवटचे तिघे जाणार होते, मग त्यांच्या पुढचे. त्यांच्यातल्या एकानंही मागे बघितलं नाही, कारण तेवढं वजन घेऊन मागे बघितलं की सायकल जाते. हॉर्न मोठा होत गेला. टँकरची चाकं करकरली. अप्पा ओठांत काहीतरी पुटपुटत होते, ते बहुधा भाषण नसावं.

शिष्टर चिखलाच्या कडेशी आली. तिनं दोन बोटांनी ब्रेक दाबला, मग चारही. सायकल थांबली. कुणाच्याही गाडीसाठी, कसल्याही दिव्यासाठी जी आजवर सायकलवरून उतरली नव्हती, ती उतरली. चपला काढून हँडलला अडकवल्या, साडी एका हातानं धरली आणि चिखलातून सायकल ढकलू लागली. सावकाश, एकेक पाऊल चाचपून. मागे वीस सायकली पायांवर तोलून थांबल्या. त्यांच्या मागे, शेवटच्या डब्यापासून एका हातावर, टँकर थांबला.

ड्रायव्हर दारातून अर्धा बाहेर आला. सायकलवाल्यांना त्यानं जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांनी जे उत्तर दिलं तेही नाही. मग त्यानं शिष्टरला हाक मारली. "ओ बाई, बाजूला व्हा की. खेप जायली माझी."

ती चिखलाच्या मधोमध होती. तिनं मान वळवली. "होते. हा चिखल कुणी केला ते सांगा आधी."

कुणीतरी सायकलवाला हसला. ड्रायव्हरनं आपल्या टँकरकडे, मग रस्त्याकडे बघितलं. "म्याच केला," तो म्हणाला. "हुकूम व्हता."

"मग आता तुमच्या चिखलातून तुम्ही पण जपून या."

ती पलीकडे गेली, पाय पुसले, चपला घातल्या, सायकलवर बसली. माझ्यासमोरून जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या डाव्या हाताची बोटं मात्र अजून ब्रेकवरच होती. तिच्या मागून एकेक पाणीवाला उतरून चिखल पार करून गेला, आणि सगळ्यात शेवटी टँकर आला, माणसाच्या चालीनं. त्याला दुसरा मार्गच नव्हता.

मंगळवारी गाव सात वाजल्यापासून बार्शी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं. मंत्री दुपारी आले, नांदेडकडून, कारण रात्रीचा मुक्काम त्यांनी तिकडे केला होता. आमच्या उतारावरून त्या दिवशी एक बैलगाडी आणि पाणी मारणारा टँकर सोडून काही गेलं नाही.

बुधवारी आम्ही मुरूम उकरला. आत काय सापडेल या भीतीनं चाचा फावडं जपून चालवत होता. उजवी बाजू, जी कोवळी म्हणून आम्ही काळजी केली होती, ती डावीपेक्षा घट्ट निघाली. तीन दिवस ओल्या मुरमाखाली, दिवसातून तीनदा सरकारी पाणी. रस्त्याचे साहेब जीपमधून उतरून बघायला आले, बुटाच्या टाचेनं ठोकून बघितलं. म्हणाले, एवढं पाणी त्यांच्या पुलांनाही मिळत नाही. काढायचं म्हटलं तरी आता निघणार नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि फाईल आल्यावर तसं लिहितो म्हणाले. शिष्टरनं बदलीचा अर्ज केला नाही. मेहुण्यांना पत्र मी लिहिलं, खाली तिनं एका ओळीत लिहिलं की हात बरा आहे.

अप्पांचं समाधान होईना. एवढं काम झालं आणि उद्घाटन नाही, हे त्यांना अन्नाविना राहण्यासारखं होतं. म्हणून पुढच्या सोमवारी सकाळी उंचवट्याला चुन्याचे पट्टे मारले, हार घातला, आणि रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल फीत बांधली. प्रमुख पाहुणी शिष्टर. अप्पांच्या भाषणाचे चार कागद मीच लिहून दिले होते, त्यात लोकशक्ती हा शब्द नऊ वेळा होता. ते दुसऱ्या कागदावर असताना शिष्टर आली, फितीच्या टोकाशी कडेच्या मातीवरून सायकल काढली, ड्यूटीला उशीर होतोय म्हणाली आणि गेली. कात्री तबकात राहिली. अप्पा तिसऱ्या कागदाकडे वळले तेवढ्यात उतारावरून टँकर आला. फीत त्यानंच तोडली, अगदी सावकाश.